फितीला गाठ कोण मारतो?

शेतकरी बंधूंनो, इंग्लंडात सरकारी कागद तांबड्या फितीने बांधत. त्यावरून दप्तरदिरंगाईला 'रेड टेप' नाव पडले. मराठीत ती लालफीत झाली. फेरफार रखडला की आपण म्हणतो, "अडकला लालफितीत!" आणि गप्प बसतो. अहो, फीत काय आपोआप बसते? गाठ मारणारा हात असतोच. २००५ च्या कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेच्या अर्जाला मुदतीसह पोच मिळते; मुदत टळली तर अपील आहे. तेव्हा फितीला दोष देत बसू नका, पोच मागा. आणि अधिकारी मंडळींनो, तुमच्या टेबलावरची गाठ तुम्हीच सोडा!