शनिवारची शिस्त

गुढीपाडव्याला केलेले संकल्प पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. दोष संकल्पाचा नसतो; त्याची विचारपूस करणारा ठरलेला दिवस नसतो. या संदर्भात भोपाळच्या गरीब स्त्रियांचे उदाहरण आम्हांस चिंतनीय वाटते.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारोंचे प्राण घेतले. मागे राहिलेल्यांपुढे औषधोपचार, भरपाई, खटले आणि कागदपत्रे यांचे अरण्य उभे राहिले. अशा वेळी अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखालील ‘भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटने’ने यादगार-ए-शाहजहानी उद्यानात दर शनिवारी सभा भरविण्याचा प्रघात पाडला. काय घडले, काय अडले, पुढे काय करावयाचे, याचा तेथे विचार होई. जब्बार २०१९ मध्ये निवर्तले. तोवर या लढ्यास तीन तपे होत आली होती.

एवढे करून न्याय मिळाला काय, असे कोणी विचारील. पुरता मिळाला नाहीच. १९८९ च्या ४७ कोटी डॉलरांच्या तडजोडीने मिटविलेले फौजदारी खटले १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केले. मात्र जादा भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. परंतु पीडित माणसे अर्ध्या वाटेवर पांगली असती, तर त्यांची दाद घेणारे कोणीच उरले नसते.

आठवड्याचे माप आपणांसही परके नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघणारी गृहिणी घरात काय संपले, काय पुरेल, याचा हिशेब करूनच उंबरठा ओलांडते. तोच हिशेब आपल्या कामांचा का नसावा? ठरलेल्या वारी अर्धा तास बसावे आणि साध्या वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात : काय झाले, काय राहिले व का राहिले, येत्या आठवड्यात आधी काय करावयाचे. घरपट्टी, आईचे औषध, मुलाचा अर्ज, काहीही असो. दिवसाचे माप तोकडे, एका अपयशाने मन खचते. महिन्याचे लांब, चूक उमगेपर्यंत वेळ निघून जाते. आठवडा दोहोंमधला मार्ग होय. ‘का राहिले’ या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रामाणिक हवे. नाहीतर वही म्हणजे सबबींची जंत्री व्हावयाची.

दम लागत असताही उद्यान गाठणाऱ्या त्या स्त्रियांनी आपला वार पाळला. धडधाकट असलेल्या आपणांस सबब कोणती?