संसाराचा जमाखर्च : झाकलेली मूठ

२०२५ च्या श्रावणातील एका सोमवारी माझा भाचा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. बढती मिळाली असावी किंवा लग्न ठरले असावे, अशा समजुतीने मी हात पुढे केला. तो म्हणाला, “मामा, शेवटचा हप्ता भरला. आता मी कोणाचे एक रुपयाही देणे लागत नाही.”

पेढा गोड लागला खरा. पण तो खाताना मनात थोडा संकोचही होता. या मुलाचे कर्ज यापूर्वी एकदा मी स्वतः फेडले होते, आणि ते फेडण्याच्या रीतीत माझी मोठी चूक झाली होती. या महिन्याचा जमाखर्च त्या चुकीचा आहे आणि ती ज्यांनी सुधारली त्या पाच तरुणांचा आहे.

झाले असे. २०२२ साली नोकरी लागून वर्षही झाले नव्हते, तोच त्याच्या डोक्यावर चाळीस हजारांचे देणे असल्याचे उघडकीस आले. बहिणीने पाटल्या मोडायची भाषा सुरू केली. मी माझ्या ठेवीतून चाळीस हजार काढले, देणे फेडले आणि मग सगळ्या घरादारासमोर त्याला तासभर उपदेश ऐकवला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, आमच्या वेळी असे नव्हते, असे जे जे आपण सारे बोलतो ते सगळे मी बोललो. शेवटी बहिणीला बजावले, “ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्या उपदेशातून तो उधळपट्टी सोडायला शिकला नाही. लपवायला मात्र शिकला. दीड वर्षात त्याच्यावर पूर्वीपेक्षा पाचपट कर्ज झाले आणि या खेपेस घरात कोणालाही त्याची कल्पना नव्हती. क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये, बँकेच्या वैयक्तिक कर्जाचे ९०,०००, मोबाइलवरील ॲपमधून घेतलेल्या दोन झटपट कर्जांचे मिळून १८,००० आणि हप्त्यावर घेतलेल्या फोनचे २४,०००, असे एकूण १,९२,००० रुपये. हाती येणारा पगार ३४,०००. घरी आठ हजार देऊन आणि सगळे हप्ते भरून जे उरे ते पंचवीस तारखेपर्यंतही पुरत नसे, आणि मग पुन्हा कार्ड बाहेर निघे.

आमच्या पिढीतील वाचकांना वाटेल की दरमहा पैसे भरत होता, तर कर्ज कमी कसे होत नव्हते? याचे उत्तर गणितात आहे. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आकडा असतो, आणि तेवढा भरला की आपण निभावलो असे वाटते. भाच्याच्या कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज होते. साठ हजारांवर ते झाले २,१०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ३७८. तो महिन्याला किमान म्हणून ३,००० रुपये भरी. त्यातील २,४७८ व्याजात व करात जात आणि मूळ कर्ज कमी होई अवघे ५२२ रुपयांनी. शिवाय मागील बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. आमच्या वेळी सावकाराच्या दारी जाताना पाय अडखळत असे. आता सावकार खिशातच असतो, आणि तो हसतमुख असतो.

सुटकेची सुरुवात २०२३ च्या दिवाळीनंतर, त्याच्या कचेरीच्या कँटीनमध्ये झाली. जेवताना सोबतच्या एका मुलीचा फोन वाजला. तिने तो कापला; पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिचा चेहरा उतरलेला पाहून भाचा हळूच म्हणाला, “वसुलीवाला आहे का? मलाही येतात.” एवढेच वाक्य. दीड वर्षात त्याने ही गोष्ट प्रथमच कोणाला सांगितली, आणि ती सांगितली आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच अडकलेल्या माणसाला. महिनाभरात असे पाचजण जमले, तीन मुलगे आणि दोन मुली, सारे चोवीस ते अठ्ठावीस वर्षांचे.

पगारानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी कमाटीबागेत भेटायचे, असे त्यांनी ठरवले. बागच का, तर तिथे बसायला पैसे पडत नाहीत! कोणी घरून पोहे आणी, कोणी चहाचा थर्मास. एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर नियम लिहिले. प्रत्येकाने आपले देणे, व्याजदर आणि या महिन्यात भरलेली रक्कम मोठ्याने वाचायची. आकडे आठवणीने सांगायचे नाहीत. बँकेचा उतारा समोर ठेवायचा. कोणी कोणाला हसायचे नाही आणि उपदेश करायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, पाचांपैकी कोणीही दुसऱ्याला पैसे उसने द्यायचे नाहीत आणि जामीनही राहायचे नाही.

हा शेवटचा नियम ऐकून मला नवल वाटले. मग ती मैत्री कसली? भाचा म्हणाला, “मामा, उसने दिले की मित्राचा सावकार होतो. मग त्याला खरा आकडा कोण सांगणार?” मला २०२२ सालचा मी आठवलो आणि मी गप्प बसलो.

पहिल्या बैठकीत वाद झाला तो कोणते कर्ज आधी फेडावे यावर. ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडावे, म्हणजे पैसा वाचतो, हे एक मत. सर्वांत लहान कर्ज आधी मिटवावे, म्हणजे हुरूप येतो, हे दुसरे. भाच्याने ॲपची दोन कर्जे आधी संपवली. त्यांच्या फोनांनी झोप उडाली होती. त्यास तीन महिने लागले. नंतर त्याने बँकेत जाऊन कार्डाची बाकी कमी व्याजाच्या बारा हप्त्यांत बदलून घेतली. पुष्कळ बँका अशी सोय देतात, पण ती मागावी लागते. त्यानंतर ते कार्ड त्याने आईच्या कपाटात ठेवून दिले. आईला त्या दिवशी सारे सांगावे लागले, आणि तेच त्याला सर्वांत जड गेले. फोनचे हप्ते संपले तेव्हा सुटलेले २,४०० रुपये त्याने अडीअडचणीसाठी बाजूला टाकले. कार्ड फिटल्यावर सुटलेली सगळी रक्कम बँकेच्या कर्जाकडे वळवली. पावणेदोन वर्षांत वही कोरी झाली.

हे सारे सरळ रेषेत झाले असे मात्र नव्हे. पाचांपैकी एकजण दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी उरलेले चौघे त्याच्या घरी गेले. वडिलांच्या आजारपणात त्याने कोणत्याशा नव्या ॲपमधून आणखी कर्ज घेतले होते, आणि वसुलीची माणसे त्याच्या नातेवाइकांना फोन करून शिवीगाळ करीत होती. त्याने पाच हजार मागितले. चौघांपैकी दोघांच्या खिशात तेवढे होते. नियम मोडायचा की मित्र गमवायचा, अशी ती घडी होती.

त्यांनी पैसे दिले नाहीत. तो सारा दिवस दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेले नियम त्यांनी शोधून वाचले. कर्ज देणाऱ्या ॲपला आपल्या फोनमधील नावे-नंबर घेण्याची मुभा नाही. एकूण वार्षिक खर्च किती पडेल हे कर्ज देण्याआधी लेखी सांगावे लागते. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, आणि नातलगांना व मित्रांना गाठून कर्जदाराची बदनामी करणे निषिद्ध आहे. चौघांनी त्याच्याकडून कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार करवली. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, हेही त्याला दाखवून दिले. शिवीगाळ थांबली. कर्ज काही माफ झाले नाही. ते तो फेडतोच आहे. पण पुढच्या रविवारी तो बागेत आला, आणि भाच्याच्या मते त्या सबंध वहीतले सर्वांत मोठे पान तेच.

हे ऐकताना मला वाटले की यात नवे असे काय आहे? आमच्या बायकांच्या भिश्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. आणि याच बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. देशातील परस्परसाहाय्याच्या आद्य संस्थांत तिची गणना होते. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये. ‘अन्योन्य’ या शब्दातच सगळे आले. एकट्याने उचलायचे ओझे दहाजणांनी मिळून उचलायचे, ही समज आपल्या या गावाला जुनीच आहे. फरक एवढाच की भिशीत पैसा फिरतो, या मुलांच्या मंडळीत केवळ हिशेब फिरतो. पैसा ज्याचा त्यानेच उभा करायचा.

मुलखापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांत अब्रूची चिंता जरा जास्तच असते. चार ओळखीची घरे, एक मंडळ, एक गणेशोत्सव. बातमी पसरायला वेळ लागत नाही. म्हणून आपण मूठ झाकायला शिकवतो. कर्जाच्या बाबतीत मात्र मूठ झाकलेली असते तोवर आत व्याज वाढतच राहते. माझ्या भाच्याची सव्वा लाखाची मूठ उघडेपर्यंत पावणेदोन लाखांच्याही वर गेली होती.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाने किंवा सुनेने कधी आकडा सांगितला, तर पहिला तास उपदेशाचा नसावा. कागद मागावा, शेजारी बसावे आणि बेरीज करावी. संपूर्ण देणे एका दमात फेडून टाकण्याची घाई करू नये. ज्याने कर्ज केले त्याच्या हातूनच ते फिटले तर तो हात पुढे जपून चालतो. आणि तरुण वाचकांना सांगावेसे वाटते की आपल्या नावावर काय काय लागले आहे ते आधी पाहा. पतमाहिती ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो काढा आणि ज्याच्यापुढे लाज वाटणार नाही अशा एका समवयस्काला दाखवा. दोघांची मंडळीही मंडळीच असते.

पेढे देऊन भाचा निघाला तेव्हा मी विचारले, “आता रविवारी बागेत जाणे बंद?” तो म्हणाला, “छे! अजून दोघांचे फिटायचे आहे. आणि परवा एक नवी मुलगी आली आहे. तिने आपला आकडा अजून सांगितलेला नाही. सांगेल हळूहळू. सध्या आम्ही तिला नुसते पोहे देतो.”