धूर दिसेल तिथे थांबावे

महामार्गावरच्या कोणत्याही हॉटेलची पाटी वाचून पाहा. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन. पाटी धुळ्याजवळची असो की पेणजवळची, मजकूर तोच. आत गेल्यावर पनीरची तीच तांबूस भाजी, तोच जिरा राइस आणि बिलाबरोबर येणारी तीच बडीशेप. तीनशे किलोमीटर गाडी हाकून आपण जिथे येऊन पोचलो, तिथली माती कोणती, पीक कोणते, याचा ताटात मागमूस नसतो. सुट्टीला बाहेर पडलेले मराठी कुटुंब देऊळ त्या गावचे पाहते, किल्ला त्या गावचा चढते. जेवते मात्र कोणत्याच गावचे नसलेले जेवण.

यावर ठरलेले उत्तर असे असते, की आपल्याकडे वाटेत थांबून खावे असे आहे तरी काय? वडापाव आणि मिसळ सोडली तर सगळे घरगुती. हे उत्तर अज्ञानातून येते. नुसत्या विस्तवावर भाजलेल्या पदार्थांचा विचार केला, तरी महाराष्ट्राचा नकाशा भरून जाईल. आणि गंमत अशी, की प्रत्येक ठिकाणचा विस्तव वेगळा आहे.

रायगडापासून सुरुवात करू. भाताची कापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याला शेंगा धरतात आणि बांधावर भांबुर्डीचा रानपाला माजलेला असतो. मडक्याच्या तळाशी हा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी यांचे थर द्यायचे, तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचे. मडके उलटे ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि ते चर्र करून उडून गेले, की पोपटी झाली. शाकाहारी मंडळींनी कोंबडी-अंडी वगळावीत. खरी चव शेंगेत आणि पाल्याच्या वासातच आहे.

देशावर या. ज्वारीचे कणीस दुधाळ दाण्यांनी भरले, की शेतात खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटते. त्यात कणसे भाजून गरम असतानाच हातावर चोळली, की हिरवा हुरडा हाती येतो. सोबत तिळाची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही. सुरती, गूळभेंडी हे हुरड्याचे खास वाण. साध्या ज्वारीला ती गोडी नाही. खानदेशात कपाशी आणि तूर, म्हणून तिथे त्यांच्या वाळल्या काड्यांचा जाळ. त्यावर हिरवट-पांढरी मोठी वांगी भाजून, लाकडी बडगीत कुटून भरीत होते आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पंगतीत वाढले जाते. या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजतात, तर विरारजवळच्या आगाशीत कोळशावर भाजलेल्या कोंबडीत पोहे आणि मसाला कालवून भुजिंग करतात. जे शेतात पिकते ते भांड्यात आणि जे शेतात उरते ते चुलीत, असा हा साधा हिशेब आहे. म्हणूनच हे पदार्थ दुसरीकडे नेले, की त्यांची चव उतरते.

इतके असूनही प्रवाशाला यातले किती दिसते? आगाशीचे भुजिंग दुकानात मिळते, म्हणून ते टिकले आणि गावाबाहेर पोचले. पोपटीचे मात्र रायगडात घरोघरी कौतुक, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ती क्वचितच मिळते. तिचीच गुजराती बहीण उबाडियुं. मटक्यात पापडी, कंद, रताळी भरून, रानपाला लावून, तसेच उलटे ठेवून भाजलेले. थंडीत वलसाडच्या परिसरात महामार्गाच्या कडेला उबाडियुंच्या टपऱ्या लागतात आणि गाड्या रांगेने थांबतात. पदार्थ जवळजवळ एकच, पण एका राज्यात त्यावर कुटुंबाचा हंगाम निघतो आणि दुसऱ्यात तो हौसेपुरता उरतो.

अमेरिकेतल्या टेक्सासचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. तिथे लाकडाच्या धुरावर दहा-बारा तास मंद शिजवलेल्या मांसाला, म्हणजे बार्बेक्यूला, प्रांताच्या अभिमानाचा दर्जा आहे. लॉकहार्ट या लहानशा गावाला १९९९ साली तिथल्या विधिमंडळाने टेक्सासची बार्बेक्यू राजधानी म्हणून गौरवले. ‘टेक्सास मंथली’ हे मासिक १९९७ पासून काही वर्षांच्या अंतराने उत्तम पन्नास ठिकाणांची यादी छापते. २०१३ साली तर त्यांनी या एका विषयासाठी पूर्णवेळ संपादक नेमला. यादीत नाव आले, की आडगावच्या दुकानापुढे पहाटेपासून रांग लागते. आपण खाण्याच्या गप्पा काही कमी मारत नाही. पण आपल्या हुरड्याची, भरिताची अशी चिकाटीने नोंद कोणी ठेवली?

नवे रस्ते आले, तशी ही नोंद अधिकच निकडीची झाली आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खोपोलीचा बाजार बहुतेक प्रवाशांच्या वाटेतून निघून गेला. २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्णपणे खुला झाला. वेळ वाचला, जीव वाचावेत अशी आशा आहे. रस्त्याविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. पण कुंपण घातलेल्या रस्त्यावर ज्वारीचे शेत फक्त काचेतून दिसते. त्या शेताच्या मालकाला आपल्या प्रवासातून एक रुपयाही मिळत नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कुटुंब फूड मॉलवर थांबते ते पनीरच्या ओढीने नव्हे, स्वच्छतागृहासाठी. बरोबर लहान मूल असेल, म्हातारी आई असेल, तर बांधावरच्या पोपटीचे वर्णन कितीही रसाळ असो, गाडी तिथे थांबणार नाही. हे खरे आहे आणि यावरचा उपाय अवघड नाही. महामार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर एक गाळा त्या तालुक्यातल्या महिला बचत गटासाठी, परवडेल अशा भाड्यात, राखून ठेवावा. तिथे त्या हंगामातला त्या भागाचाच पदार्थ मिळेल, एवढीच अट घालावी. मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात याच गटांच्या हातचे खायला आपण गर्दी करतो. वर्षातून काही दिवस जे मुंबईत जमते, ते त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात बारमाही का जमू नये?

सरकार करील तेव्हा करील. गाडीतल्या माणसालाही थोडे करता येईल. निघण्यापूर्वी वाटेतल्या गावांचे आठवडी बाजार कोणत्या वारी भरतात ते विचारून घ्यावे. एक जेवण तरी महामार्ग सोडून गावात घ्यावे. हॉटेलात ‘स्पेशल काय?’ असे विचारू नये. उत्तर ठरलेले असते. पंक्चर काढणाऱ्याला, फळवालीला विचारावे, ‘या दिवसांत तुमच्या घरी काय करतात?’ या प्रश्नावर माणूस खुलतो आणि बहुधा पत्ताही सांगतो. मग सांगितला तो दर घासाघीस न करता द्यावा. पनीरला तीनशे रुपये मोजणाऱ्याने हुरड्यावर भाव पाडणे शोभत नाही.

प्रश्न केवळ जिभेच्या चोचल्यांचा नाही. राज्यात ज्वारीचा पेरा गेली कित्येक वर्षे घटतो आहे. रायगडात भातशेतीचे भूखंड होत आहेत. तिथे वाल पेरला जाणार नाही, भांबुर्डीही उगवणार नाही. शेतकऱ्याला गूळभेंडी पेरावीशी वाटेल, ती भाषणांनी नव्हे, गिऱ्हाईक दारात आले तरच. आणि मागच्या सीटवर बसलेल्या मुलांना ज्वारीचे कणीस कसे दिसते, ते हातावर चोळताना किती पोळते, हे एकदा कळले, तर पुढे ती स्वतःहून गाडी थांबवायला सांगतील. या थंडीत रस्त्याकडेला शेतातून धूर निघताना दिसला, तर तो कशाचा आहे, एवढे तरी उतरून विचारावे.