नवा संगणक आणि ब्राउझरची निवड

१९५३ साली लखनौ येथे देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक परिषद भरली होती. उत्तर प्रदेश शासनाने ती बोलाविली होती आणि डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन तिचे अध्यक्ष होते. छपाईच्या व टंकलेखनाच्या यंत्रांवर देवनागरी अधिक सुलभतेने चालावी, हा त्या काळी विद्वानांपुढील एक मोठा प्रश्न होता. परिषदेने सुचविलेल्या बदलांपैकी एक असा, की ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यावी. यंत्राच्या दृष्टीने ही सूचना सोयीची होती. परंतु लोकांच्या डोळ्यांना ती मानवली नाही आणि काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. वेलांटी आपल्या जागी परत आली. यंत्रासाठी वाचकाने वळावे की वाचकासाठी यंत्राने, हा प्रश्न मात्र संपला नाही. आज तो घराघरांतून, शाळांतून व ग्रंथालयांतून एका साध्या रूपात पुढे येतो. संगणक बदलल्यावर आंतरजालावरील पाने वाचण्यासाठी कोणता ब्राउझर ठेवावा, हे ते रूप होय.

त्याच लखनौत, गोमतीच्या पलीकडील महानगर या वसाहतीत राहणारे एखादे मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घरातील संगणक विंडोज १० या कार्यप्रणालीवर चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. पुढील प्रणाली, म्हणजे विंडोज ११, चालण्यास टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था यंत्रात असावी लागते. ती या जुन्या यंत्रात नाही. मग एक तर त्याच यंत्रावर लिनक्स बसवावयाचे, नाही तर नवा संगणक घ्यावयाचा. कोणताही मार्ग पत्करला तरी पहिल्या दिवशी एक अडचण उभी राहते. विंडोजबरोबर एज हा ब्राउझर येतो, मॅकबरोबर सफारी येतो, उबुंटूसारख्या लिनक्सबरोबर फायरफॉक्स येतो. ओळखीचे चिन्ह ओळखीच्या जागी नसते. अशा वेळी आजोबा म्हणतात, जुनाच आणून द्या. नातू म्हणतो, समोर आहे तोच वापरा. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु दोघांपैकी कोणीही निवड केलेली नाही. एकाची निवड सवयीने केली, दुसऱ्याची यंत्र विकणाऱ्याने.

निवड खरोखर करावयाची असेल तर दोन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, हा ब्राउझर आपली भाषा नीट वाचून दाखवितो काय? आणि दुसरी, उद्या त्याला सोडून जावेसे वाटले, तर तो सुखाने जाऊ देतो काय? वेग, रूप, रंग या गोष्टी त्यानंतरच्या होत.

पहिली कसोटी समजण्यासाठी ब्राउझर काय करतो हे थोडक्यात पाहिले पाहिजे. दूरच्या संगणकावरून जे पान येते ते चित्र नसते. ते अंकांनी लिहिलेला मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या सूचना असे असते. त्या सूचनांवरून पडद्यावर पान उभे करणे हे ब्राउझरचे काम. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक आहे. ‘किल्ला’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत साठविला जातो तेव्हा प्रथम ‘क’ येतो आणि त्यानंतर वेलांटी येते. म्हणजे उच्चाराचा क्रम पाळला जातो. पडद्यावर अक्षर काढतेवेळी मात्र ती वेलांटी उचलून ‘क’च्या डावीकडे नेऊन ठेवावी लागते. १९५३ च्या परिषदेने जी वेलांटी उजवीकडे नेऊ पाहिली, ती यंत्राच्या पोटात आज उजवीकडेच आहे. केवळ वाचकाला ती दिसत नाही, कारण ती डावीकडे आणून ठेवण्याचे श्रम यंत्र करते. फायरफॉक्स आणि क्रोम या दोन प्रतिस्पर्ध्यांनी या अक्षरजुळणीसाठी हार्फबझ नावाचा एकच मुक्त प्रोग्राम आपलासा केला आहे. त्याचे नाव फारसी शब्दांवरून घडविलेले आहे, आणि त्यातील ‘हर्फ’, म्हणजे अक्षर, हा शब्द लखनौच्या रहिवाशाला समजावून सांगावा लागत नाही.

हे श्रम यंत्र नेहमीच करीत असे, असे नाही. १९९७ च्या सुमारास नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर हे त्या वेळचे दोन प्रमुख ब्राउझर होते. पानाबरोबर अक्षरसंच पाठविण्याच्या दोघांच्या रीती निरनिराळ्या होत्या व एकाची रीत दुसऱ्याला उमगत नसे. त्या काळी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खाजगी अक्षरसंचांवर चालत. पडद्यावर मराठी दिसे. परंतु स्मृतीत क्रमांक असत ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे. ठरावीक ब्राउझर आणि ठरावीक अक्षरसंच असेल तोवर बातमी वाचता येई. वाचकाने संगणक बदलला, की त्याच बातमीच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसत. पुण्यामुंबईच्या वाचकाला सकाळी दारात छापील अंक मिळत असे. लखनौ, इंदूर किंवा परदेशातील मराठी कुटुंबाला मात्र मातृभाषेतील बातमीचा तोच एक दरवाजा होता, आणि त्याची किल्ली एका कंपनीच्या ब्राउझरात अडकलेली होती. पुढे युनिकोडचा प्रसार झाला. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी अक्षरसंच आला. आणि तो दरवाजा सर्वांसाठी उघडला. त्याआधीच्या काळात त्या खाजगी संकेतांत लिहिलेले पुष्कळसे लिखाण मात्र आज कोणत्याही ब्राउझरात सरळ वाचता येत नाही.

म्हणून नव्या संगणकावर ब्राउझर उघडला, की प्रथम मराठीची परीक्षा घ्यावी. ‘किल्ला’, ‘दुसऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘ॲल्युमिनिअम’ हे चार शब्द असलेले पान त्यात उघडून पाहावे. वेलांटी जागेवर आहे ना, ‘दुसऱ्या’तील रफार मराठी वळणाचा आहे ना, ‘ङ’ खालील अक्षराशी नीट जुळला आहे ना, हे पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण मराठीत व हिंदीत निराळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यातही पाकळीचा ‘ल’ मराठीचा मानला आहे. पानावर ‘ही भाषा मराठी’ अशी खूण असेल व अक्षरसंचात सोय असेल, तर चांगला ब्राउझर मराठी वळण आपण होऊन निवडतो. अक्षर बिघडले, तर दोष प्रत्येक वेळी ब्राउझरचाच असतो असे मात्र नाही. यंत्रात चांगला देवनागरी अक्षरसंच नसणे, हेही एक कारण असू शकते. तो बसवून पुन्हा पाहावे व मगच निर्णय करावा.

आता दुसरी कसोटी. ब्राउझर वापरता वापरता वाचकाची बरीच मालमत्ता त्यात साठते. वाचनखुणा म्हणजे जतन केलेले पत्ते, पासवर्ड आणि आधीचा वाचन-इतिहास ही ती मालमत्ता होय. नेटस्केप हा ब्राउझर केव्हाच अस्तंगत झाला. परंतु वाचनखुणांची फाइल लिहिण्याची त्याने घालून दिलेली पद्धत आजचे सर्व प्रमुख ब्राउझर पाळतात, आणि बाहेर काढलेल्या अशा फाइलीच्या पहिल्या ओळीत त्याचे नाव अजूनही आढळते. घर मोडले तरी उंबरठा राहिला, असा हा प्रकार आहे. त्यामुळे वाचनखुणा एका ब्राउझरातून दुसऱ्यात नेणे सोपे झाले आहे. पासवर्डही नेता येतात. परंतु ते साध्या, कोणासही वाचता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात बाहेर पडतात. म्हणून काम होताच ती फाइल पुसून टाकावी. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सामायिक संगणकावर तर पासवर्ड साठवूच नयेत.

येथे कोणता ब्राउझर कोठे चालतो, यास महत्त्व येते. क्रोम, फायरफॉक्स आणि एज हे विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर मिळतात. सफारी आज केवळ ॲपलच्या यंत्रांवर मिळतो. २००७ ते २०१२ या काळात तो विंडोजसाठीही निघत होता, पुढे ते थांबले. याच्या उलट, मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर एकेकाळी मॅकवरही चालत असे. १९९७ च्या करारानंतर ॲपलने त्यालाच मॅकवर अग्रस्थान दिले होते. २००३ साली ॲपलचा सफारी आला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने मॅकवरील आपल्या ब्राउझरचा विकास थांबविला. ब्राउझर एका कंपनीचा व एका यंत्रापुरता असेल, तर त्याचे आयुष्य कंपनीच्या हिशेबावर अवलंबून राहते. वाचकाची गरज त्या हिशेबात असेलच, असे नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो विचार करण्यासारखा आहे. बहुसंख्य लोक जो ब्राउझर वापरतात तोच घ्यावा, कारण सर्व संकेतस्थळे त्यातच तपासलेली असतात, असे म्हणतात. रोजच्या सोयीपुरते हे खरे आहे. तथापि दक्षिण कोरियाचा अनुभव लक्षात घ्यावा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशाने आंतरजालावरील व्यवहारांसाठी स्वतःची एक संकेतपद्धती व प्रमाणपत्रांची व्यवस्था उभी केली. ती ॲक्टिव्हएक्स नावाच्या साधनाच्या आधारे चालत असे, आणि हे साधन इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच होते. परिणामी बँकेचे काम, खरेदी किंवा सरकारी अर्ज करावयाचा, तर दुसरा ब्राउझर वा दुसरी कार्यप्रणाली घेणाऱ्याची पंचाईत होई. तो ब्राउझर जगभर मागे पडत गेला, तरी त्या देशातील लोकांना तो सोडवेना. जुनी प्रमाणपत्र-व्यवस्था कायद्याने मोडली ती २०२० च्या डिसेंबरात. खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये त्या ब्राउझरला निरोप दिला. आपल्याकडेही ‘हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच उत्तम दिसेल’ अशी सूचना अनेक संकेतस्थळांच्या तळाशी असे. अशी सूचना म्हणजे वाचकाने कोणता चष्मा लावावा हे पुस्तकाने सांगण्यासारखे आहे.

आज चिन्हे पुष्कळ दिसतात. परंतु पान उभे करणारी इंजिने प्रामुख्याने तीनच उरली आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांच्या पोटात ब्लिंक हे इंजिन आहे. भारत सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या स्वदेशी ब्राउझरच्या स्पर्धेत पहिला आलेला झोहो कंपनीचा उला हाही त्याच कुळातला. सफारीत वेबकिट आहे आणि फायरफॉक्समध्ये गेको. त्यांतही ब्लिंक हे २०१३ साली वेबकिटपासून फुटलेले, आणि वेबकिट हे केडीई या मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवकांच्या केएचटीएमएल या इंजिनापासून निघालेले. हाताने लिहून सर्वांसाठी ठेवलेले काम पुढे किती दूर जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु एकाच इंजिनाचे राज्य झाले, तर आंतरजालाचे नियम सर्वांनी मिळून न ठरता त्या इंजिनाच्या वागणुकीवरून ठरू लागतात. नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांच्या काळाकडे परत जाण्याचा तो राजमार्ग आहे.

या सर्वांचा विचार करता शाळांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी, संगणक कोणत्याही जातीचा असो, फायरफॉक्स हा मुख्य ब्राउझर ठेवावा आणि अडल्या कामासाठी क्रोमच्या कुळातील एखादा दुसरा ठेवावा, हा मार्ग श्रेयस्कर दिसतो. फायरफॉक्सचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे, तो तिन्ही प्रणालींवर चालतो, त्याचे मराठी रूपही उपलब्ध आहे, आणि त्याचे इंजिन इतरांपासून स्वतंत्र आहे. तो निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. काही संकेतस्थळे त्यात अडतात, आणि त्याच्या पोषणकर्त्या मोझिला संस्थेचे बहुतांश उत्पन्न गूगलबरोबरच्या शोधसेवेच्या करारातून येते, ही त्याची मोठीच दुर्बलता आहे. घरच्या वाचकाने दोन कसोट्या लावून दुसरा एखादा निवडला, तरी त्यास चुकीचे म्हणता येणार नाही. तो अद्ययावत होत राहतो एवढे मात्र पाहावे; सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबलेला ब्राउझर, कितीही सवयीचा असला, तरी वापरू नये.

महानगरातील त्या कुटुंबाने जुन्या संगणकातून वाचनखुणांची फाइल बाहेर काढावी, नव्या यंत्रावर दोन ब्राउझर बसवावे, चार मराठी शब्दांची परीक्षा घ्यावी आणि मग आजोबांनी व नातवाने मिळून एकास पसंत करावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ज्या शहरात एकदा यंत्रासाठी वेलांटी हलविण्याचे ठरले होते, त्या शहरातील वाचकाला आता वेलांटी हलवावी लागत नाही. ती हलविणारे यंत्र निवडणे एवढेच त्याच्या हाती आहे, आणि ते त्याने दुसऱ्यावर सोपवू नये.