पातळ पत्र्यातले भोक

घरच्या कार्यशाळेत बांधल्या जाणाऱ्या धातूच्या विमानाचा बाहेरचा पत्रा साधारण २० ते ३२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. शेपटीच्या हलत्या भागांवर तो १६ थाऊपर्यंतही उतरतो. हा पत्रा बहुधा २०२४-टी३ या मिश्रधातूचा, दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर असलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचे बळ जाते. त्यात आटे पाडणेही व्यर्थ, कारण ८-३२ स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतरच ३१ थाऊ आहे. २५ थाऊच्या पत्र्यात एक पूर्ण आटाही मावत नाही. त्यामुळे जोडणीचा जवळजवळ सगळा भार रिवेटवर येतो.

बांधणाऱ्यांमध्ये चर्चा होते ती रिवेट गनची, तिच्या दाबाची, रिवेटमागे धरायच्या बकिंग बारच्या वजनाची. जोडाचे आयुष्य मात्र त्याआधीच, भोक पाडताना ठरलेले असते, आणि या टप्प्याला मिळतो तो वेळ फारच अपुरा आहे.

भरीव रिवेट ठोकला की त्याचा दांडा फुगून भोक भरून टाकतो. १/८ इंची रिवेटसाठी ३० नंबरचे ड्रिल (०.१२८५ इंच) आणि ३/३२ इंचीसाठी ४० नंबरचे (०.०९८ इंच) वापरतात, दोन्हींत साडेतीन-चार थाऊंची मोकळीक राहते. २११७ मिश्रधातूचा, माथ्यावर मधोमध बारीक खळगा असलेला १/८ इंची ‘एडी’ रिवेट सुमारे ३८८ पौंडांचा कातरभार घेतो असे तक्ते सांगतात. हा आकडा भोकाच्या व्यासावर काढलेला असतो, रिवेटच्या मूळ व्यासावर नाही. भोक पूर्ण भरले तरच तो खरा. भोक लांबट किंवा तिरके झाले की दांडा आधी एका बाजूला पसरतो. दोन पत्र्यांमध्ये फट राहिली, तर तो त्या फटीतच फुगतो आणि पत्रे कायमचे दूर ठेवतो. म्हणून पत्रे तात्पुरते घट्ट धरणारे क्लेको हात राखून वापरू नयेत. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास, आणि बुडीत माथ्याच्या रिवेटला अडीच व्यास अंतर धरावे.

ड्रिलनंतर पत्रे वेगळे करून प्रत्येक भोकाच्या काठाला राहिलेली धातूची कोर, म्हणजे बर, काढावी लागते. हाताने फिरवायच्या हत्याराचे दोन हलके फेरे पुरतात. अधिक जोर लावला तर बरसोबत पत्राही खाल्ला जातो आणि मुळात पातळ असलेला काठ आणखी पातळ होतो. बर काढायला पॉवर ड्रिल वापरण्याची सवय सोडलेलीच बरी.

बाहेरचा पृष्ठभाग सपाट हवा असेल तिथे १०० अंशी बुडीत माथ्याचा रिवेट येतो. त्याची जागा काउंटरसिंकने कोरायची, तर ३/३२ इंचीसाठी किमान ३२ थाऊ आणि १/८ इंचीसाठी किमान ४० थाऊ जाडी हवी. त्याहून पातळ पत्र्यात शंकू आरपार जातो आणि भोकाचा काठ सुरीच्या धारेसारखा उरतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग उडून गेला आणि एका फ्लाइट अटेंडंटचा जीव गेला. तपासात आढळले की पत्र्यांच्या जोडातला चिकटा सुटला होता, भार रिवेटांवर आला होता आणि अशाच धारदार काठांच्या भोकांपाशी भेगा सुरू झाल्या होत्या. घरी बांधलेल्या बहुतेक विमानांत केबिनला हवेचा दाब नसतो, त्यामुळे तो ताण त्यांना नाही. इंजिनाचे कंपन मात्र आहेच, आणि धातू कंपनांनीही थकतो.

पातळ पत्र्याला म्हणून डिंपल करतात. नर-मादी साच्यांत दाबून भोकाभोवतीचा पत्राच वाटीसारखा खाली बसवतात; धातू काढला जात नाही, आणि एकमेकांत बसलेले डिंपल काही भार स्वतःही पेलतात. या क्रियेत भोकाचा काठ ताणला जातो. काठावर ओरखडा वा खाच असेल, तर ती तिथेच उघडते. ओरेगॉनमधील व्हॅन्स एअरक्राफ्टच्या, घरी बांधायच्या आरव्ही विमानांच्या संचांत २०२३ साली नेमके हेच दिसले. लेझरने कापलेल्या काही भोकांत, कापण्याची सुरुवात आणि शेवट जिथे जुळतो तिथे बारीक खाच राहत होती, आणि डिंपल करताना तिथून भेगा जात होत्या. कंपनीला असंख्य भाग बदलून द्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेसाठी गेली, त्यामागच्या कारणांत या भागांचा खर्चही होता. कारखान्यातून आलेले भोकही भिंगाखाली तपासूनच साच्यात घालावे.

पुढचे काम तुलनेने सोपे. पत्र्यांची एकूण जाडी अधिक दीड व्यास एवढा दांडा घ्यावा. ठोकून झाल्यावर आतला माथा दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच असावा. हात पोहोचेल तिथे रिवेट दोन्हीकडून दाबणारा स्क्वीझरच वापरावा. गन वापरायची तर मोजके, ठाम ठोके द्यावेत. फार ठोके पडले की रिवेट कडक होतो आणि त्याच्या माथ्याची कड चिरते.

थोडा तिरका वा किंचित चपटा रिवेट काढून टाकण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. मर्यादेत असलेला रिवेट तसाच ठेवावा, कारण तो काढताना ड्रिल सरकून भोक मोठे होण्याचा धोका त्या दोषापेक्षा अधिक असतो. भोक मोठे झालेच, तर लहान माथ्याचा एनएएस १०९७ हा पुढच्या मापाचा रिवेट कामी येतो, कारण १/८ इंची दांड्यावरचा त्याचा माथा ३/३२ इंचीसाठी केलेल्या डिंपलमध्ये बसतो. कडेचे अंतर मात्र नव्या व्यासाने पुन्हा मोजावे लागते.

मागून बार धरता येत नाही तिथे ओढून बसवायचे ब्लाइंड रिवेट लागतात. क्रिस हाइन्ट्झ यांनी झेनिथची विमाने अशाच रिवेटांवर आखली. व्हॅन्सच्या आरव्ही-१२ मध्येही ते मोठ्या प्रमाणावर आहेत. या विमानांची रचना मुळातच त्या रिवेटांच्या बळाचा हिशेब धरून केलेली आहे. भरीव रिवेटासाठी आखलेल्या जोडात सोयीसाठी ते घालू नयेत, आणि हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिवेट तर विमानात नकोतच.

उघडझाप करायच्या झाकणांसाठी नटप्लेट लावतात. तिच्या दोन लहान रिवेटांनी नट फिरत नाही, आणि स्क्रूचा ताण पत्र्याऐवजी नटावर जातो. नटप्लेटची तीन भोके एका रेषेत येण्यासाठी आधी मधले पाडून, त्यात स्क्रूने नटप्लेट धरून, तिच्याच कानांतून बाजूची दोन पाडावीत.