सीमेवरचा शिक्का

परतवाड्याहून मुक्तागिरीच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू महाराष्ट्र सोडून मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात केव्हा शिरला, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. रस्ता तोच, डोंगर तोच, भाषाही जवळपास तीच. हिवरखेडच्या उत्तरेला उभा असलेला सातपुडाही आपल्याला परका वाटत नाही. त्याच्या पलीकडे बऱ्हाणपूर आहे, खंडवा आहे, तेथे आपले व्यापारी संबंध आहेत, सोयरीक आहे. सीमा ही आपल्या वऱ्हाडी मनाला कधी भिंत वाटलीच नाही. म्हणूनच परदेशी गेलेला मुलगा जेव्हा फोनवर सांगतो, की उद्या जरा सीमेवर जाऊन शिक्का मारून येतो, तेव्हा आई-वडिलांना ते तालुक्याला जाऊन उतारा आणण्याइतके किरकोळ काम वाटते. ते किरकोळ नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या प्रकाराला ‘व्हिसा रन’ असे नाव पडले आहे. पाहुणा म्हणून एखाद्या देशात मिळालेली मुदत संपत आली, की शेजारच्या देशात पाऊल ठेवायचे, आणि लगेच परत फिरून नव्या मुदतीचा शिक्का घ्यायचा. थायलंडमध्ये ही रीत फार जुनी आहे. त्या देशाने १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय साठ दिवस राहू देण्यास सुरुवात केली. बँकॉक ही रंगीत रत्नांची मोठी बाजारपेठ; तेथे आपल्या समाजाची अनेक घरे स्थिरावलेली आहेत. त्यामुळे ओळखीच्या आधाराने जाणारे तरुणही पुष्कळ. साठ दिवसांत व्यवहाराचा अंदाज येतो, पण जम बसत नाही. मग कोणीतरी सल्ला देतो, की कंबोडियाची सीमा गाठ, संध्याकाळी परत ये.

बँकॉकच्या आग्नेयेस सुमारे अडीचशे किलोमीटरवर चंथाबुरी हे शहर आहे. आठवड्याच्या अखेरीस तेथे भरणाऱ्या रत्नबाजारात भारतीय व्यापारीही दिसतात. एकेकाळी समोरच्या कंबोडियातील पैलिनच्या खाणींतून माणके आणि नीलम याच वाटेने येत. याच जिल्ह्यात बान लेम आणि बान पक्कड ही शेतांच्या व फळबागांच्या भागातील शांत नाकी आहेत. गर्दी कमी, रांग छोटी, म्हणून व्हिसा रन करणाऱ्यांना ती सोयीची वाटत. थायलंडच्या खिडकीवर निर्गमनाचा शिक्का, चालत पलीकडे, पैसे भरून कंबोडियाचा व्हिसा, तेथला आगमनाचा व निर्गमनाचा शिक्का, आणि पुन्हा थायलंडची खिडकी.

परंतु या शेवटच्या खिडकीवर आपला कोणताही हक्क नसतो. आत घ्यावयाचे की नाही, हे तेथील अधिकारी ठरवतो. व्हिसाशिवाय जमिनीवरील नाक्याने होणाऱ्या प्रवेशांवर थायलंडने ३१ डिसेंबर २०१६ पासून वर्षाला दोनच वेळा अशी मर्यादा घातली आहे. पारपत्रावर एकापाठोपाठ एक शिक्के दिसले, की अधिकारी साहजिकच विचारतो : हा पाहुणा आहे, की येथे राहून धंदा करतो? उत्तर पटले नाही, तर माणूस दोन दारांच्या मध्ये उभा राहतो. मागचे दार बंद, पुढचे उघडत नाही, आणि त्याची खोली, सामान, माल व उधारी सारे आतच राहिलेले.

मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,००० बाथ दंड आहे. दंड भरून प्रकरण मिटते असे मात्र नाही. नव्वद दिवसांहून अधिक काळ जादा राहिलेला माणूस स्वतःहून हजर झाला तरी एक वर्ष प्रवेशबंदी होते; पकडला गेला, तर जादा मुक्काम वर्षाच्या आतला असला तरी बंदी पाच वर्षांची. परवान्याशिवाय काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड वेगळाच. रत्नांना पैलू पाडणे व पॉलिश करणे हे काम तर तेथे परदेशी माणसाला वर्ज्यच आहे. तरुण व्यापाऱ्याच्या आयुष्यातील पाच वर्षे म्हणजे काय, हे दुकान चालवणाऱ्याला सांगावयास नको.

शिवाय शांत नाके कायम शांत राहील याची हमी कोण देणार? २०२५ च्या जून महिन्यात थायलंड आणि कंबोडिया यांच्यातील वाद चिघळला, जमिनीवरची नाकी बंद झाली आणि २४ जुलैला तोफा धडाडल्या. पाच दिवसांनी तो संघर्ष थांबला, पण दर साठ दिवसांनी याच वाटेवर विसंबणाऱ्यांचा हिशेब एका रात्रीत कोलमडला. आखातातील अनुभव याहून दारुण आहे. दुबई-शारजात भेटीच्या व्हिसावर गेलेले कित्येक जण मुदत संपली, की इराणच्या किश बेटावर जाऊन नव्या व्हिसाची वाट पाहत. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून आलेले विमान शारजाला उतरताना कोसळले आणि ४६ पैकी ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत व्हिसासाठीच ही खेप केलेले कामगार होते. अपघात कोठेही होऊ शकतो, हे खरे. पण ती खेप केवळ शिक्क्यासाठी होती, हे मनाला लागून राहते.

आता आपल्या दृष्टीने पाहू. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही आम्नायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव आहे विरुद्धराज्यातिक्रम. राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून, न्याय्य रीत सोडून केलेली देवघेव त्यात येते. खोट्या मापाच्या आणि भेसळीच्या पंक्तीतच त्याला बसवले आहे, हे व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. अतिचार म्हणजे व्रताचा भंग नव्हे. व्रत मोडत नाही, पण मलिन होते. व्हिसा रन नेमका असाच आहे. पाहुणा म्हणून खरोखर फिरणाऱ्याने सीमेवर जाऊन पुन्हा प्रवेश मागितला, तर त्यात दोष नाही. पण खिडकीवर ‘फिरावयास आलो’ असे सांगून आत गादी चालवली, तर शिक्का खरा आणि बोलणे खोटे ठरते.

दिग्व्रताच्या अतिचारांत स्मृत्यन्तराधान आहे, म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरणे. विसरणे हाही दोषच मानला, यात केवढी व्यवहारदृष्टी आहे! मुदतीची तारीख विसरलो, ही सबब कोणत्याच खिडकीवर चालत नाही.

आपल्या भागाने सीमेचा मोह पाहिलेला आहे. १९७२ पासून २००२ पर्यंत राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेजारच्या राज्यात भाव चढला, की सातपुड्याच्या वाटांनी कापूस पलीकडे जाई. योजनेत दोष होते, चुकारे रखडत, शेतकरी नाडला जाई. हे सारे मान्य. तरी ज्या पेढ्यांनी त्या वाटेवर आपला धंदा उभारला, त्यांचा पाया नियम बदलताच खचला. आडवाट अडचणीतून सुटण्यापुरती असते, तिच्यावर पेढी उभी राहत नाही.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला पैसे पाठवण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. व्हिसाची वैधता आणि मुक्कामाची मुदत वेगवेगळी असते. शिक्क्यावरची तारीख कोणती? ज्या कामासाठी राहतो आहेस, ते काम या परवानगीत बसते का? नसेल, तर योग्य व्हिसा कोणता? थायलंडमध्ये व्यवसायासाठी स्वतंत्र व्हिसा व कामाचा परवाना आहे. परदेशी कंपनीचे काम दूर बसून करणाऱ्यांसाठी २०२४ पासून पाच वर्षांचा व्हिसाही आहे. त्यात एका प्रवेशाला १८० दिवस मिळतात, मात्र ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. आणि चौथी गोष्ट : हे नियम दूतावासाकडून आजच्या तारखेला पाहिलेस, की मित्राच्या सांगण्यावरून?

वकिलाचा व परवान्याचा खर्च प्रारंभी जड वाटतो. तो भांडवलातच धरावा. तेवढे भांडवल नसेल, तर साठ दिवस बाजार पाहून परत यावे. त्यात कमीपणा नाही. ज्या नावावर आपल्या आजोबांना चिठ्ठीवर माल मिळे, ते नाव खिडकीवरच्या एका खोट्या उत्तरासाठी गहाण टाकू नये.