आधी किडा ओळखा, मग औषधाचं बोला



पावसाळा तोंडावर आला की श्रीगोंद्यात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. डब्यात, खिडकीत, देवघराच्या कोपऱ्यात बारीक तपकिरी किडा दिसला. आणि लगेच पुढचं वाक्य, "कोणतं औषध मारू गं?" किडा कोणता, हे कुणी विचारत नाही. माझं भांडण आहे ते याच घाईशी.

3 मिलिमीटरचे सगळे किडे एकच नसतात. त्याला अलगद पांढऱ्या कागदावर घ्या, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. पुढे सोंड दिसली तर तो सोंडकिडा, आपण टोका म्हणतो तो. पाठीवर चार फिकट ठिपके असतात. त्याची मादी अख्खा दाणा कोरते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. मग वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणार कसं? ते पोचतं आपल्या भाकरीत.

सोंड नाही, अंग चपटं आणि तांबूस, तर तो पिठातला तांबडा भुंगेरा. अख्खा दाणा त्याला फोडता येत नाही. त्याला हवं पीठ, रवा, चुरा. म्हणजे ज्वारीच्या कोठीत विष टाकून त्याचं काही होत नाही. दोष महिनाभर पडून राहिलेल्या पिठाच्या डब्याचा असतो. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो. आपल्या सासवा पावसाळ्यात थोडं थोडंच दळायच्या, त्या पिठात किड्याला तेवढी सवडच मिळत नव्हती. चवळी-मुगावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती कडधान्याच्या भुंग्याची अंडी. आणि खिडकीपाशी गोल, ठिपक्याठिपक्यांचा किडा असेल तर धान्य सोडा, लोकरीचे कपडे आणि जुने शालू उघडून बघा.

हे न बघता काय होतं? कोठीत गोळ्या जातात. धान्यात टाकायच्या त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने फॉस्फीन नावाचा विषारी वायू सोडतात. त्यावर उतारा नाही. घरात वापरायची ती वस्तूच नव्हे, सरकारी देखरेखीखाली जाणकारांनीच वापरायची. तरी ओळखीच्या माणसाकडून पुडीत बांधून आणतात आणि ज्या खोलीत लेकरं झोपतात तिथल्याच कोठीत टाकतात. पावसाळ्यात, भर दमट हवेत!

काही जणी म्हणतात, "आम्ही कुठे मारतो? पेस्ट कंट्रोलवाला मारतो." अगं, कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पैसे देऊन करवून घेतलेलं कारितच. जीवविचारात धान्यकिड्याचं नाव घेऊन त्याला तीन इंद्रियांच्या जीवांत बसवलंय. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आधी नीट पाहिलं होतं. आपण चष्मा लावूनही पाहत नाही, आणि पर्युषणात मात्र सगळ्या जीवांना खमावतो.

"मग धान्य किड्यांना खाऊ घालायचं का?" हा प्रश्न मला हमखास येतो. नाही. शाळू कोठीत भरण्याआधीच, किडा नसताना, कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. ओल कमी असली की किड्याची वाढ खुंटते. कोठीतला जुना चुरा झाडून काढा. गेल्या वर्षीच्या बारदानात नवं धान्य भरू नका, टोके बहुतेक वेळा तिथूनच येतात. किडा लागलाच तर आधी चाळा, निघालेले जीव मूठभर धान्यासकट सावलीत आडोशाला ठेवा, मगच उरलेल्याला ऊन दाखवा. दाण्यातली अळी यातून वाचत नाही, हे मलाही टोचतं. म्हणूनच सारा जोर भरण्याआधीच्या वाळवणावर द्यायचा.

आणि वर्षाचं धान्य एकदम भरायचा हट्ट कशाला? पूर्वी गरज होती. आता दुकान चार पावलांवर आहे. दोघांच्या घरात तीन पोती गहू ठेवायचा आणि मग टोक्यांच्या नावाने बोटं मोडायची!